मुंग्या, सावल्या आणि ‘नो सिग्नल’ : भारतातील केबल टीव्हीच्या खराब चित्राचा इतिहास

१. प्रस्तावना

तुमच्या घरी केबल टीव्ही असेल, तर सेट टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन ‘सिग्नल’ किंवा अशाच नावाचा भाग शोधा. तिथे बहुधा दोन पट्ट्या दिसतील. एक ‘स्ट्रेंग्थ’ची, म्हणजे संकेत किती जोराने येतो आहे याची. दुसरी ‘क्वालिटी’ची, म्हणजे आलेला संकेत कितपत शुद्ध आहे याची. एखाद्या दिवशी पहिली पट्टी जवळजवळ भरलेली असते, दुसरी अर्ध्याच्याही खाली असते आणि पडद्यावर चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतात. संकेत भरपूर आहे, पण चित्र नाही. असे का होते, याचे उत्तर आपण या पाठाच्या शेवटी पाहणार आहोत. मात्र त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारू.

तुमच्या आई-वडिलांच्या पिढीला या दोन पट्ट्यांची गरज का पडली नाही? त्यांच्याकडेही चित्र खराब येत असेच. पण ते पडद्याकडे पाहून सांगत, ‘मुंग्या येताहेत’, ‘सावली पडतेय’, ‘पट्टे सरकताहेत’. या शब्दांत नुसती तक्रार नव्हती, दोषाचे निदानही होते. आज त्याच घरात ‘सिग्नल गेला’ एवढेच म्हटले जाते आणि पुढचे काम फोनवरच्या तक्रार क्रमांकाकडे जाते.

या पाठाचे मुख्य प्रतिपादन असे : खराब चित्र हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. भारतात दूरचित्रवाणीचे तंत्र जसजसे बदलले, तसतशी दोषाची जागा बदलली, दोष ओळखण्याचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तरही बदलले. या तीन गोष्टींचा मागोवा घेतला, की केबल टीव्हीचा सामाजिक इतिहास आपोआप समोर येतो.

२. छतावरचा अँटेना : डोळ्यांनी होणारे निदान

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. रोजचे नियमित प्रक्षेपण १९६५ मध्ये आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. हा मनोरा डोंगरावर का उभारला, ते लक्षात घ्या. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मनोरा आणि अँटेना यांच्यामध्ये टेकडी किंवा उंच इमारत आली, की संकेत क्षीण होतो. म्हणून ज्याचे घर उंचावर, त्याचे चित्र स्वच्छ, अशी त्या काळातली पहिली विषमता भूगोलातून आली होती.

अॅनालॉग पद्धतीचे वैशिष्ट्य असे की दोष चित्रातच उमटत असे, आणि प्रत्येक दोषाचा चेहरा वेगळा होता. संकेत क्षीण असेल तर संचातली स्वतःची विद्युत खरखर वर येई आणि पडद्यावर पांढरे-काळे ठिपके वळवळत. यालाच मराठी घरांत ‘मुंग्या’ म्हणत. संकेत थेट येण्याबरोबरच एखाद्या इमारतीवर आपटूनही येत असेल, तर मूळ चित्राच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसे. ही सावली म्हणजे उशिरा पोहोचलेले तेच चित्र.

ही सावली मोजताही येते. भारताने स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत एका रेषेचा दिसणारा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत रेखला जातो. आपटून आलेली लहर ३०० मीटर जास्त अंतर कापत असेल, तर तिला १ मायक्रोसेकंद उशीर होतो. म्हणजे २१ इंची पडद्यावर सावली सुमारे पाऊण सेंटिमीटर उजवीकडे सरकलेली दिसेल. गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा मुलगा आणि खाली खिडकीतून ‘अजून थोडा, हां, बस’ असे ओरडणारे घरचे हे गणित करत नव्हते. पण ते करत होते ते निदानच होते, कारण दोषाची तीव्रता हळूहळू कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसत होती.

या काळात जबाबदारीची वाटणीही स्पष्ट होती. मनोऱ्यापर्यंतचा भाग सरकारचा होता आणि अँटेनापासून पुढचा तुमचा. प्रक्षेपण बिघडले की दूरदर्शन ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी दाखवून दोष आपल्याकडे घेत असे. पाटी नसताना चित्र बिघडले, तर दोष बहुधा तुमच्या छतावर असे.

याला एक महत्त्वाचा अपवाद होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या प्रयोगाद्वारे अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी सुमारे तीन मीटर व्यासाचे, तारेच्या जाळीचे अँटेना बसवण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशीच ही जाळी होती. संच सार्वजनिक होते आणि त्यांच्या देखभालीची व्यवस्था प्रयोगातच अंतर्भूत होती. ‘खेड्यातला पाहणारा स्वतः गच्चीवर चढून दुरुस्ती करील’ असे इथे गृहीत धरलेले नव्हते. पुढे ही कल्पना मागे पडली आणि टीव्ही ही खाजगी घराची वस्तू झाली.

३. केबलचा जन्म : अमेरिकेत उपाय, भारतात व्यवसाय

केबल टीव्हीचा जन्मच मुळी खराब चित्रावरचा उपाय म्हणून झाला. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात आणि ऑरेगॉनमध्ये काही मंडळींनी उंच जागी एकच मोठा अँटेना उभारला आणि तिथून तारेने गावातल्या घरांना संकेत दिला. दरीतल्या घरांना लहरी मिळत नव्हत्या, त्या तारेने मिळाल्या. म्हणजे तिथे केबल ही आधी सिग्नलची दुरुस्ती होती, मनोरंजनाचा व्यवसाय नंतर झाली.

भारतात क्रम उलटा आहे. मुंबईसारख्या शहरांत उंच इमारतींवर सामाईक अँटेना होते, पण केबलचा खरा प्रसार १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटमुळे झाला. इमारतीतल्या एका खोलीत व्हीसीआर ठेवायचा, त्यावर चित्रपट लावायचा आणि तारेने तो प्रत्येक मजल्यावर पोहोचवायचा, असा हा उद्योग होता. लोक दूरदर्शनचे चित्र सुधारावे म्हणून जोडणी घेत नव्हते, दूरदर्शनवर जे नव्हते ते पाहण्यासाठी घेत होते. त्यामुळे चित्राच्या दर्जाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी राहिली. चित्रपट दिसतो आहे, तर थोड्या मुंग्या चालतील, अशी तडजोड सुरुवातीपासून होती.

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाची दृश्ये सीएनएनवरून मोठ्या हॉटेलांत आणि काही घरांत दिसली. त्याच वर्षी एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला. व्हीसीआर चालवणाऱ्याने गच्चीवर मोठी डिश बसवली आणि तो ‘केबलवाला’ झाला. हजारो गल्ल्यांत हे घडले. त्यातले पुष्कळजण आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, वीजजोडणी किंवा व्हिडिओ लायब्ररी अशा उद्योगांत होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसलेल्या या लोकांनी छतांवरून, झाडांवरून, दिव्यांच्या खांबांवरून तारा नेल्या.

४. साखळीतले शेवटचे घर

या जाळ्याची रचना समजली, की त्याचे दोषही समजतात. संकेत डिशवरून नियंत्रण खोलीत येतो. या खोलीला धंद्यात ‘हेड एंड’ म्हणतात. तिथून तो जाड तारेने गल्लीत, मग बारीक तारेने घरात जातो. तारेत संकेताची ताकद कमी होत जाते, म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवावा लागतो. अडचण अशी, की ॲम्प्लिफायर संकेत वाढवतो तसा आधीची खरखरही वाढवतो आणि वर स्वतःची थोडी भर घालतो. एकसारखे ॲम्प्लिफायर एकापाठोपाठ जोडले, तर त्यांची संख्या दुप्पट झाली की संकेत आणि खरखर यांचे गुणोत्तर ३ डेसिबलने घसरते. चौथ्या ॲम्प्लिफायरवरच्या घरापेक्षा सोळाव्यावरच्या घरात हे गुणोत्तर ६ डेसिबलने खाली असते.

म्हणजेच जो हेड एंडजवळ राहतो त्याचे चित्र चांगले आणि जो जाळ्याच्या टोकाला राहतो त्याच्याकडे मुंग्या. पैसे मात्र दोघे सहसा सारखेच देत. पहिल्या काळातली विषमता टेकड्या-इमारतींनी ठरवली होती, ही दुसरी विषमता तारेच्या लांबीने ठरवली.

टोकाच्या घरातून तक्रार आली की केबलवाला ॲम्प्लिफायरची पातळी वाढवी. मुंग्या कमी होत, पण ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेला की एका वाहिनीचा संकेत दुसरीत मिसळे आणि चित्रावर तिरक्या रेषांची नक्षी दिसे. मग पातळी पुन्हा कमी करायची. या दोन दोषांच्या मधली जागा शोधणे हे केबलवाल्याचे खरे कौशल्य होते. मोजण्याचे यंत्र नेहमीच परवडत नसे, म्हणून अनेकदा खांद्यावर एक छोटा टीव्ही घेऊन तो घरोघरी फिरे.

आणखी दोन खुणा पाहा. पडद्यावर एक किंवा दोन आडवे जाड पट्टे हळूहळू वर-खाली सरकत असतील, तर ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातली ५० किंवा १०० हर्ट्झची लहर चित्रात उतरली आहे, असे समजावे. अनेक ठिकाणी ॲम्प्लिफायर एखाद्या ग्राहकाच्याच घरातल्या विजेवर चाले. त्या घरातली वीज गेली, की तिथून पुढच्या सगळ्यांचे टीव्ही बंद पडत. दुसरी खूण पावसाळ्याची. उघड्या जोडातून तारेत पाणी शिरले की तांबे गंजते आणि संकेत आतल्या आत परत फिरतो. पहिल्या पावसानंतर तक्रारी का वाढतात, याचे कारण यात आहे.

एक दोष मात्र कोणाचाच नव्हता. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास काही दिवस, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याची स्वतःची रेडिओ खरखर डिशमध्ये शिरते. काही मिनिटे चित्र जाते आणि आपोआप परत येते.

५. कायद्याच्या नजरेतले चांगले चित्र

हे सगळे जाळे काही वर्षे कोणत्याही स्वतंत्र कायद्याशिवाय वाढले. प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शिव केबल टीव्ही सिस्टीमच्या प्रकरणात असे म्हटले, की केबलचे जाळे १८८५ च्या तार कायद्याच्या कक्षेत येते आणि त्यासाठी परवाना हवा. तारयंत्रणेसाठी केलेला एकोणिसाव्या शतकातला कायदा गल्लीतल्या केबलवाल्याला लागू झाला. त्यानंतर १९९४ मध्ये अध्यादेश आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा आला. केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करणे बंधनकारक झाले.

या कायद्याची कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने वाचा. कलम ९ सांगते की भारतीय मानक ब्युरोचे मानक प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी, त्या मानकाला धरून नसलेली सामग्री वापरता येणार नाही. कलम १० सांगते की केबलच्या जाळ्याने अधिकृत दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय आणू नये. म्हणजे कायद्याला सामग्रीची काळजी होती आणि इतर यंत्रणांची काळजी होती. तुमच्या घरात चित्र खराब आले, तर ते किती वेळात दुरुस्त व्हावे, याबद्दल मात्र मूळ कायदा काही सांगत नव्हता.

एक दुरुस्ती विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ कायद्यानुसार केबलवाल्याने दूरदर्शनच्या दोन वाहिन्या दाखवणे आवश्यक होते. सन २००० मध्ये यात भर घालून असे सांगण्यात आले, की या वाहिन्या ‘प्राइम बँड’मध्ये आणि हवेतून येणाऱ्या प्रक्षेपणाची वारंवारता सोडून अन्य वारंवारतेवर दाखवाव्यात. कायद्यात वारंवारतेचा उल्लेख कशाला हवा होता? याचे उत्तर खराब चित्रात आहे. केबलवरून दूरदर्शन त्याच वारंवारतेवर पाठवले, तर सैल जोडातून किंवा टीव्ही संचातूनच हवेतला संकेतही आत शिरतो. तारेतून येणारा संकेत संथ आणि लांबच्या वाटेने येतो, हवेतला आधी पोहोचतो. त्यामुळे सावली चित्राच्या डावीकडे पडते. अँटेनाच्या काळातली उजवीकडची सावली आणि केबलच्या काळातली डावीकडची सावली यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याला कायद्यातला हा शब्द कोरडा वाटणार नाही. कोट्यवधी घरांत सरकारी वाहिनीच सर्वांत खराब दिसण्याची शक्यता होती आणि संसदेला त्यावर शब्द खर्च करावे लागले.

६. दर्जाची बाजारपेठ

‘प्राइम बँड’ म्हणजे नेमके काय? तारेत संकेताची घट वारंवारतेनुसार वाढते. वारंवारता चौपट झाली की डेसिबलमधली घट साधारण दुप्पट होते. त्यामुळे खालच्या वारंवारतेच्या वाहिन्या टोकाच्या घरापर्यंत तुलनेने स्वच्छ पोहोचत. शिवाय जुन्या संचांना मोजक्याच वाहिन्या पकडता येत, त्याही मुख्यतः या खालच्या पट्ट्यांतल्या. म्हणून या जागा मौल्यवान ठरल्या.

जागा कमी आणि वाहिन्या जास्त झाल्यावर प्रसारक केबलचालकांना ‘कॅरेज फी’ देऊ लागले. चांगल्या जागेसाठी पैसे मोजणाऱ्या वाहिनीचे चित्र स्वच्छ, न मोजणारी वाहिनी वरच्या वारंवारतेवर मुंग्यांत हरवलेली किंवा गायब. आता विचार करा. १९९० च्या दशकाच्या शेवटी किंवा २००० नंतर एखाद्या घरात विशिष्ट वाहिनीवर मुंग्या दिसत असतील, तर तो तारेचा दोष होता की व्यवहाराचा? पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत होते. छोट्या भाषांतील किंवा कमी भांडवलाच्या वाहिन्यांना याची झळ अधिक बसली. खराब चित्राला इथे पहिल्यांदा एक किंमत चिकटली.

७. डिजिटल केबल : उताराऐवजी कडा

दुसऱ्या बाजूने प्रसारकांची तक्रार होती, की केबलचालक ग्राहकांची खरी संख्या सांगत नाहीत. अॅनालॉग तारेत किती घरे आहेत हे वरून मोजता येत नव्हते. जानेवारी २००४ मध्ये प्रसारण आणि केबल सेवा ‘ट्राय’च्या अखत्यारीत आल्या. २००३ पासून चेन्नईत आणि २००६ च्या अखेरीस दिल्ली, मुंबई व कोलकात्याच्या काही भागांत सशुल्क वाहिन्यांसाठी सेट टॉप बॉक्स आले. २०११ च्या दुरुस्तीने संपूर्ण केबल सेवा टप्प्याटप्प्याने डिजिटल आणि कूटबद्ध करणे सक्तीचे केले. चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, आणखी ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३, आणि उरलेल्या भारतासाठी शेवटी ३१ मार्च २०१७ अशा मुदती ठरल्या. चेन्नईत वाद न्यायालयात गेल्याने अंमलबजावणी लांबली. म्हणजे सगळा देश एका दिवशी डिजिटल झाला नाही, हे लक्षात असू द्या.

डिजिटल संकेतात चित्र आकड्यांच्या रूपात येते. वाटेत काही आकडे बिघडले, तर दुरुस्तीसाठी जोडलेल्या जादा आकड्यांच्या मदतीने बॉक्स ते सुधारून घेतो. या पद्धतीत २०४ बाइटच्या एका पुडक्यात ८ बाइटपर्यंतच्या चुका पूर्णपणे दुरुस्त होतात. तोपर्यंत चित्र निर्दोष दिसते. चुका या मर्यादेबाहेर गेल्या, की चित्राचे चौकोन पडतात, ते गोठते आणि मग जाते. अॅनालॉगमध्ये दर्जाचा उतार होता, डिजिटलमध्ये कडा आहे.

याचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. उतारावर असताना दोष वाढत जाताना दिसतो, त्यामुळे वेळेत इलाज करता येतो. कड्याच्या अगदी टोकाला उभ्या असलेल्या घराला मात्र आपण टोकाला आहोत हे कळतच नाही. कालपर्यंत सुंदर चित्र, आज पावसाचे चार थेंब पडले की काळा पडदा. टोकाच्या घराची विषमता संपली नाही, ती लपली.

त्याबरोबर एक नवा काळा पडदाही आला. पूर्वी पैसे थकले, तर केबलवाल्याला येऊन तार काढावी लागे. आता दूरच्या संगणकातून एका बॉक्सचा अधिकार काढून घेता येतो. म्हणजे तार शाबूत, संकेत शुद्ध, तरी चित्र नाही. हा दोष विजेचा नाही, कराराचा आहे.

जबाबदारीचा प्रश्नही याच काळात कागदावर आला. ट्रायने २००६ मध्ये सेट टॉप बॉक्स लागू झालेल्या भागांसाठी आणि २०१२ मध्ये डिजिटल केबलसाठी सेवेच्या दर्जाचे नियम केले. तक्रार नोंदवणे, तिला क्रमांक देणे, ती ठरावीक वेळेत सोडवणे हे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य ठरले. पाहणाऱ्याला हक्क मिळाला. पण ज्या भाषेत तो दोषाचे वर्णन करत असे, ती भाषा त्याच सुमारास निरुपयोगी झाली. हक्क हातात आला आणि निदान हातातून गेले, असे हे वळण आहे.

८. त्या दोन पट्ट्या कशा वाचाव्यात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. निदान पुन्हा आपल्या हातात घ्यायचे असेल, तर पुढील क्रमाने विचार करा.

(अ) पडद्यावर काही संदेश आहे का? वर्गणी, कार्ड किंवा वाहिनी-निवडीबद्दल संदेश असेल, तर तारेला हात लावू नका. प्रश्न खात्याचा आहे.

(आ) शेजाऱ्यांकडे काय स्थिती आहे? एकाच केबलवरच्या शेजारच्या घरांतही चित्र नसेल, तर दोष बाहेर आहे.

(इ) सगळ्या वाहिन्या गेल्या आहेत की काहीच? डिजिटल केबलमध्ये अनेक वाहिन्या एकाच वारंवारतेवर एकत्र येतात. एकच गट तुटत असेल, तर त्या वारंवारतेवर बाहेरून व्यत्यय येत असावा. मोबाइलच्या काही वारंवारता केबलच्या वरच्या पट्ट्याशी जुळतात आणि सैल जोडातून आत शिरू शकतात.

(ई) स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दोन्ही शून्याजवळ असतील, तर तार तुटलेली किंवा निघालेली असण्याची शक्यता अधिक.

(उ) स्ट्रेंग्थ चांगली, क्वालिटी वाईट. संकेत पोहोचतो आहे, पण बिघडलेला आहे. गंजलेला जोड, पाणी शिरलेली तार, एक टोक मोकळे सोडलेला स्प्लिटर किंवा क्षमतेबाहेर चालणारा ॲम्प्लिफायर ही नेहमीची कारणे. अशा वेळी घरात ‘बूस्टर’ लावला, तर खरखरही वाढते आणि क्वालिटी आणखी घसरू शकते.

करून पाहण्याजोगी गोष्ट एकच : बॉक्सची वीज बंद करा, स्क्रूचा जोड काढून त्याची मधली तांब्याची तार काळी किंवा वाकडी नाही ना हे पाहा, जोड घट्ट बसवा आणि स्प्लिटर टाळून तार थेट बॉक्सला लावून दोन्ही पट्ट्या पुन्हा वाचा. आकडे सुधारले, तर दोष घरात होता. न सुधारल्यास तक्रारीत ‘चित्र येत नाही’ एवढेच न सांगता दोन्ही आकडे, वेळ आणि वाहिन्यांची नावे सांगा. खांबावर किंवा गच्चीवरच्या तारांना मात्र स्वतः हात लावू नका, कारण त्यांच्या शेजारून विजेच्या ताराही गेलेल्या असतात.

९. इतिहासाचे साधन म्हणून खराब चित्र

दूरचित्रवाणीचा इतिहास सहसा मालिका, वृत्तवाहिन्या आणि मालक यांच्याभोवती लिहिला जातो. तो आवश्यक आहेच. पण कोणता कार्यक्रम प्रसारित झाला एवढ्यावरून तो कोणाला, कितपत दिसला हे कळत नाही. त्यासाठी कायद्यांचा मजकूर, ट्रायचे नियम, जुन्या तारांचे नकाशे आणि लोकांच्या आठवणी ही साधने लागतात. आठवणी तपासून घ्याव्या लागतात हे खरे. पण ‘आमच्याकडे दूरदर्शनवर नेहमी डावीकडे सावली असायची’ असे कोणी सांगितले, तर ती तक्रार आता तुम्ही पुरावा म्हणून वाचू शकता. त्या घरात केबल होती, दूरदर्शन तिच्यावरून मूळ वारंवारतेवरच येत होते आणि हवेतला संकेतही तिथे जोरदार होता, इतके त्या एका वाक्यातून निघते.

हे साधन फार काळ टिकणारे नाही. मुंग्या आणि सावल्या पाहिलेली पिढी हळूहळू मोठी होत चालली आहे. ज्यांनी त्या दुरुस्त केल्या, ते गल्लीतले केबलवाले त्याहून वयस्कर आहेत आणि त्यांचे ज्ञान क्वचितच कुठे लिहिलेले आहे.

सारांश

• अँटेनाच्या काळात दोष हवेत किंवा छतावर होता. तो पाहणाऱ्याला दिसे आणि बऱ्याचदा तोच दुरुस्त करी.
• अॅनालॉग केबलमध्ये दोष साखळीत गेला. निदान केबलवाल्याच्या अनुभवावर अवलंबून राहिले आणि टोकाच्या घराने किंमत मोजली.
• प्राइम बँड आणि कॅरेज फी यांमुळे चित्राचा दर्जा हा व्यवहाराचा विषय झाला.
• डिजिटल केबलमध्ये दोष आकड्यांमागे लपला. पाहणाऱ्याला तक्रारीचा हक्क मिळाला, पण डोळ्यांनी होणारे निदान संपले.

स्वाध्याय

१. १९९५ चा केबल कायदा आणि ट्रायचे दर्जाविषयक नियम यांत ‘चांगल्या सेवे’ची कल्पना कशी बदलली, ते स्पष्ट करा.
२. ‘डिजिटल केबलमुळे टोकाच्या घराची विषमता संपली.’ या विधानाची चिकित्सा करा.
३. तुमच्या भागात २००० पूर्वीपासून केबलचा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीची मुलाखत घ्या. जाळ्यातले पहिले आणि शेवटचे घर कोणते होते, ॲम्प्लिफायर कुठे होते, त्यांना वीज कोणाची होती, तक्रारी कोणत्या शब्दांत येत, हे विचारा आणि मिळालेल्या माहितीवरून हाताने नकाशा काढा.